माधवचा मॅडयेस झाला

सरांनी माझा प्रोग्राम पडद्यावर लावला आन् माझ्याच आवाजात वाचला.

लातूरचं कॉलेज. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. लॅबमधी सगळी बॅच बसलेली. सर प्रोजेक्टरच्या उजेडातच उभे, त्यामुळं माझी अर्धी अक्षरं पडद्यावर आन् अर्धी सरांच्या शर्टावर. नाक दाबून, मान हालवून, गावाकडचा हेल काढून एक-एक ओळ वाचून राहिले.

"इफ उत्तर इज इक्वल टू... हाऽऽव!"

बॅच हसली.

"एल्स... न्हाऽऽई!"

बॅच बाकावर आडवी.

प्रोग्राममधी जिथं नावं द्यावी लागतात तिथं सगळे इंग्रजी नावं देतात. मी माझी दिली होती. इंग्रजी अक्षरात, पण आपल्या बोलीतली. कुणी हो म्हणलं तर हाव. नाही म्हणलं तर न्हाई. जास्त झालं तर लई. थांबायचं असलं तर बास. मशीनला काही फरक पडत न्हाई. तुम्ही काय बी नाव द्या, ते तेवढंच काम करतं.

सर वळले. "ही कोणती लँग्वेज रे? सी प्लस प्लस का जळकोट प्लस प्लस?"

जळकोट माझं गाव. खरं सांगू? जोक चांगला होता. मला सुचला असता तर मीच मारला असता. म्हणून सगळ्यात आधी मीच हसलो. लई मोठ्यानं. ते हसू आठवलं की अजून भातात खडा लागल्यासारखं होतं.

हसू थांबल्यावर सर जवळ आले.

"कुणी लिहून दिला?"

"मीच लिवला, सर."

"तू?"

"हाव."

परत हसू. मी जीभ चावली, पण शब्द निसटला होता.

"स्कॉलरशिपवाला ना तू?"

"हो सर."

"मग ऐक. प्रोग्रामिंग म्हणजे फॉर्म भरला आणि झालं, असं नसतं. कुणाची नक्कल मारलीस ते सांग. मी रागावणार नाही."

मी मनात म्हणलो, सर, नक्कल मारली असती तर ज्याची मारली त्यानं कशाला लिवलं असतं हाव आन् न्हाई? बंगळूरला कोण बसलंय जळकोटच्या बोलीत प्रोग्राम लिवत? हे गावंढळ हाय, म्हणून तुझंच हाय म्हणून हसता. आन् हे बरोबर दिसतंय, म्हणून तुझं न्हाई म्हणता. दोन्हीतलं एक काय ते धरा की.

हे सगळं मनात. तोंडानं म्हणलो, "न्हाई सर, मीच."

"नक्कलच येते ना तुला? सगळ्या कॉलेजला माहीत आहे. कर, माझी कर."

आन् मी केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हात मागं. "लिसन, लिसन, धिस इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर एक्झाम!" बॅच खूश. सर बी खूश, पाठीवर थाप मारली. पडद्यावर माझा प्रोग्राम तसाच लटकलेला. तो बरोबर चालतो का, हे कुणीच बघितलं न्हाई.

अपमान असा गिळायची माझी रीत होती. समोरच्यानं थोबाडीत मारली की आपण त्याचाच आवाज काढायचा. मग ती थोबाडीत न राहता तिचा आयटम होतो.

ही रीत आली कुठून ते सांगतो. माझा बाप जळकोट-उदगीर काळीपिवळी चालवतो. शाळा सुटली की मी जीपच्या मागच्या फळीवर. कोंबून भरलेली माणसं आन् एकाची बोली दुसऱ्यासारखी न्हाई. उदगीरच्या बाजाराला निघालेली म्हातारी कानडीत शिव्या द्यायची, तंबाखू मात्र मराठीत मागायची. किराणा दुकानवाले आप्पा खड्डा आला की "शिवा शिवा" म्हणायचे, आन् भाडं मागितलं तरी "शिवा शिवा"च म्हणायचे. मी घरी येऊन सगळी जीप एकट्यानं भरायचो. माझी माय अंगणवाडीत मदतनीस. दिवसभर दुसऱ्याची लेकरं सांभाळून आलेली. ती हसून हसून पदर तोंडात धरायची.

आमच्या गल्लीत मी नक्कल केली की माणसं ओढून जवळ बसवायची. वरच्या आळीत केली की ओट्यावरून ऐकायची. हसायची तेवढीच. पण ते ओट्यावर आन् मी खाली. "ए, त्या ग्रामसेवकाची कर रे." केली. "शाबास!" ते बी वरूनच.

तवापासून कुणी शाबास म्हणलं की मी आधी बघतो, म्हणणारा कुठं बसलाय आन् मी कुठं उभा हाय.

आमच्या घरी जय भीम म्हणतात. एवढ्यात बाकीचं तुमच्या ध्यानात आलं असंल.

आता कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवतात कसं, ते ऐका. सर फाइलीतून प्रोग्राम सांगतात. आपण जर्नलमधी उतरवायचा. उजव्या पानावर पेनानं प्रोग्राम, डाव्या पानावर पेन्सिलीनं आउटपुट. म्हणजे मशीननं जे उत्तर द्यायचं, ते आपणच पेन्सिलीनं काढायचं. मशीन बंद असलं तरी चालतं. लाइट नसली तरी चालतं. मागच्या वर्षीच्या पोरानं चुकीचं उत्तर लिवलेलं असलं तर ते बी पिढ्यान् पिढ्या तसंच उतरतं, आन् त्यावर बरोबरची खूण होऊन सही पडते. ह्याला नक्कल म्हणत न्हाईत. ह्याला टर्मवर्क म्हणतात.

मी शिकलो ते कॉलेजच्या आधी, नांदेडात. बारावी झाली, सुट्टीत मावशीकडं गेलो. तिच्या गल्लीच्या तोंडाला रफीकभाईंचं दुकान. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन फॉर्म. भाईंना हाताखाली कुणी तरी पाहिजे होतं, मी बसलो. नांदेडचं ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई, गिऱ्हाईक कुठून येणार? मशीन मोकळं. मी एका बाबाचे व्हिडिओ लावायचो. तो इंग्रजीत प्रोग्रामिंग शिकवायचा. समजायचं काय? काहीच न्हाई. पण आवाज उचलायला समजावं लागत न्हाई. "ओक्के गाइज्, नाऊ व्हॉट वी विल डू इज..." मी तस्साच म्हणायचो. तो टाइप करायचा, मी तस्सं टाइप करायचो. चाललं.

मग मी नक्कलवाल्याची युक्ती लावली. माणसाची नक्कल करायची तर आधी तो जसा हाय तसा उचलावा लागतो. मग त्यातली एकच गोष्ट ताणायची. चाल ताणा, न्हाई तर खोकला ताणा. काय ताणल्यावर माणूस तोच राहतो आन् काय ताणल्यावर दुसराच होतो, हे बघायचं. प्रोग्रामचं बी तसंच केलं. पूर्ण उचलायचा, मग एक ओळ मोडायची. काय बिघडलं बघायचं. जोडायचं. दुसरी मोडायची. अशी मोडमोड करता करता एक दिवस ध्यानात आलं की आता मी त्या बाबाच्या पुढची ओळ तो बोलायच्या आधी टाइप करून राहिलो. आवाज त्याचा न्हाई. माझा.

रफीकभाईंना हे काळं पान बघून धाकधूक व्हायची.

"क्या रे, दिनभर काले परदे पे क्या लिखरा? बँक-बिंक तो नै फोडरा?"

"नै भाई, सीखरा."

"किसके पास?"

"खुदीच."

"खुदीच?" त्यांनी मला बघितलं, मशीनला बघितलं. "पोलिस आए तो मेरकू कुछ मालूम नै बोलूंगा मैं, हौ."

संशय त्यांनी बी घेतला. पण तोंडावर घेतला. आन् मशीन बंद केलं न्हाई.

मशीनचं तर अजून बरं. चुकलं की लाल अक्षरात चूक सांगतं. मला सांगतं तीच चूक कलेक्टरच्या पोराला सांगतं. पण मी त्याच्यावर बी लगेच भरवसा ठेवत न्हाई. एकदा बरोबर चाललं की मला डाउट येतो. परत मोडून बघतो.

लातूरला आल्यावर सरकारी वसतिगृहात राहिलो. माझ्या खोलीत माधव, किनवटकडचा. जंगलातल्या गावचा, बोलायला कमी, जेवायला जास्त. मेसचं रोजचं भांडण होतं. पोरं न सांगता गावाकडं जायची, भात उरायचा, मेसच्या काकू ओरडायच्या. दुसऱ्या दिवशी काकू कमी टाकायच्या, पोरं ओरडायची. माधव शेवटी यायचा, त्याला खरड मिळायची. तो म्हणला, "तू दिवसभर त्या डबड्यावर काय करून राहिला बे? आमच्या भाताचं काही कर ना."

म्हणून केलं. अभ्यासिकेत एक जुनं मशीन होतं. त्यात सगळ्या पोरांची नावं घातली. रोज सकाळी आपल्या नावापुढं टाकायचं, जेवायला असलं तर हाव, नसलं तर न्हाई. काकूंना आकडा मिळायचा. कुणी टाकलं न्हाई तर मशीन इंग्रजीत दम द्यायचं, "यू हॅव नॉट टोल्ड द मेस." ते इंग्रजी त्या व्हिडिओवाल्या बाबाचं. बाकी सगळं माझं. माधवला भात मिळायला लागला. तोच म्हणला, "हे कॉलेजात दाखव. तुझं नाव होईल."

दाखवलं. नाव काय झालं, ते वर सांगितलंच.

त्या प्रॅक्टिकलनंतर सर एकदम गोड झाले. मला तिथंच डाउट यायला पाहिजे होता. आला बी. "अरे, त्या दिवशी गंमत केली, मनावर नाही घ्यायचं. पेनड्राइव्हमध्ये दे तो प्रोग्राम. मी बघतो काय सुधारता येतं ते." मी दिला. सर हायत. न्हाई कसं म्हणणार? आन् मनात एक बारीक आवाज होता, बघतील, समजंल त्यांना. हा आवाज कुणाचा होता ते मला अजून ओळखू आलेलं न्हाई. माझा तर नव्हता.

मग नांदेडला कॉलेजांची प्रोजेक्ट स्पर्धा निघाली. सरांनी बोलावलं.

"तू पण चल."

"माझा प्रोग्राम, सर?"

"अरे, निकाल लागेपर्यंत मध्ये वेळ असतो. तुझा तो आयटम कर. आवाज ओळखा."

आवाज ओळखा म्हणजे माझा गॅदरिंगचा आयटम. मी आवाज काढायचा, पब्लिकनं ओळखायचा. एचओडी म्हणजे आमचे विभागप्रमुख, प्राचार्य, कँटीनवाला. लई चालायचा.

मी बरं म्हणलो. आमच्या बॅचची पोरं बी टाळ्या वाजवायला बस भरून निघाली. माधव बी निघाला, त्याला तसं बी नांदेडहून रेल्वेनं किनवटला जायचं होतं. आमच्या कॉलेजकडून सौरभची टीम होती. सौरभ कोण? त्याच्या बापाचा लातुरात क्लास हाय. चौकाचौकात पास झालेल्या पोरांच्या फोटोचे बोर्ड असतात ना, त्या सगळ्या बोर्डांवर मधोमध त्याचा बाप. सौरभ वाईट पोरगा न्हाई. मला बघितला की "काय कलाकार!" म्हणायचा. माझं नाव त्याला ठाऊक होतं का, मला शंका हाय.

नांदेडचा हॉल मोठा होता. थंडगार. सौरभ सूट घालून चढला. पडद्यावर आलं, स्मार्ट मेस मॅनेजमेंट सिस्टिम. मी म्हणलो, असंल. मेस काय माझ्या एकट्याचीच हाय?

मग त्यानं चालवून दाखवला.

मी ओळखला. रंग बदलला होता, चौकटी घातल्या होत्या. पण माणसानं दाढी काढली तरी चाल ओळखू येते. प्रश्न विचारायची पद्धत, थांबायची जागा, शेवटी आकडा दाखवायचा ढंग. माझीच चाल होती ती. माझे हाव आन् न्हाई कुठं दिसत नव्हते. त्या जागी यस आन् नो.

मग नावांची यादी आली. त्यात एक नाव होतं, मॅडयेस. खाली आणखी एक, वैबयेस.

मी खुर्चीला धरलं.

माधव कानाशी आला. "हे मॅडयेस कोण बे?"

"तू."

"मी?"

पेनड्राइव्हमधला माझा प्रोग्राम घेऊन त्यांनी काय केलं होतं सांगतो. सगळा प्रोग्राम एका बटणात इंग्रजी करून टाकला होता. जिथं जिथं हाव दिसंल तिथं यस घाल, असं मशीनला सांगितलं. मशीन बिचारं सांगकाम्या. इंग्रजीत माधव लिवा. शेवटी काय येतं? एच, ए, व्ही. हाव. वैभव लिवा. शेवटी हाव. आमच्याकडं दर दुसऱ्या घरात एक माधव आन् तिसऱ्या घरात एक वैभव. मशीननं त्यांच्या पोटातला हाव काढला आन् तिथं यस घातला. पुण्या-मुंबईच्या पोरांची यादी असती तर कदाचित निभलं असतं. आमच्या हॉस्टेलच्या यादीत निभणं शक्यच नव्हतं. आन् खाली दम द्यायची ओळ बी तशीच सुजली होती. "यू येसे नॉट टोल्ड द मेस." हॅव शब्दाच्या अंगात बी हाव असतो ना.

परीक्षक मॅडमनी चष्मा वर केला. "हे मॅडयेस काय आहे?"

सौरभ क्लासवाल्याचा पोरगा, उत्तर न येणं त्याला माहीत न्हाई. "मॅम, डमी नेम आहे. साऊथ साइडचं."

"आणि वैबयेस?"

"त्याचा भाऊ, मॅम."

मॅडमनी मान हलवली. "नाइस."

मला हसू आलं न्हाई. एवढा भारी आयटम डोळ्यासमोर होऊन राहिला आन् मला हसू येत न्हाई, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. माधवकडं बघितलं. त्याला आता समजलं होतं. तो पडद्यावरच्या आपल्या नावाकडं बघत होता, जसं कुणी मोडलेल्या सायकलीकडं बघतं.

"माझंच नाव हाय ना ते?"

"हाव."

"मग त्यांनी ते काढलं तरी कामून न्हाई? न्हाई तर नीट तरी लिवायचं."

सर आले. "चल, तुझा नंबर. परीक्षक चहाला जायच्या आत सुरू कर."

"सर, तो प्रोग्राम माझा हाय."

"नंतर बोलू. आधी स्टेजवर जा. एचओडी बसलेत समोर, त्यांचा आवाज पहिला घे. त्यांना सांगून ठेवलंय."

मी गेलो. माइक हातात आला. अँकर म्हणली, "आता येतोय आपला आवाजांचा जादूगार!" टाळ्या. मी घसा साफ केला तर त्यालाच हसले.

मग मी बोललो. कुणाचा आवाज न काढता.

"आत्ता तुम्ही जो मेसचा प्रोग्राम बघितला, तो मी लिवलाय."

हॉल फुटला. हसून हसून.

"मी खरं सांगून राहिलो."

"एचओडी!" मागून एकजण ओरडला.

"न्हाई. आवाज ओळखायचा न्हाई. मी सांगून राहिलो की तो प्रोग्राम..."

"कँटीनवाला! कँटीनवाला!"

"अरे प्राचार्य बे, गावाकडच्या मूडमधी!"

मी बोलत गेलो. मॅडयेस म्हणजे माधव. वैबयेस म्हणजे वैभव. हे कसं झालं ते बी सांगितलं. जितकं नीट सांगितलं तितके ते जास्त हसले. त्यांना वाटलं, काय भारी स्क्रिप्ट हाय. समोर एचओडी बी हसत होते, आपला आवाज कधी येतो याची वाट बघत. एकामागं एक नावं ओरडत होती पोरं. सगळ्या कॉलेजचे आवाज त्यांना ठाऊक. माझ्याच कॉलेजची पोरं, दोन वर्षं माझ्या शेजारी बसलेली. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कसा ऐकणार? मी कधी काढलाच नव्हता.

मग हॉलच्या मधून माधव उभा राहिला. कमी बोलणारा माधव.

"त्याचाच हाय तो! त्याचा सोताचा आवाज हाय! आन् मॅडयेस मी हाय!"

हसू एकदम तुटलं. कुणीतरी शेवटचं हसलं आन् लाजून गप्प बसलं. माइक बंद झाला. सर स्टेजच्या बाजूनं हात हालवत होते, उतर, उतर. परीक्षक मॅडमनी पडद्याकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा. मग घड्याळाकडं. निकाल लागला. सौरभच्या टीमला दुसरं बक्षीस.

माधवची रेल्वे चुकली.

लातूरला आल्यावर एचओडीनी केबिनमधी बोलावलं. सर शेजारी बसलेले. मला बसा म्हणलं न्हाई. एचओडी भला माणूस, असं सगळे म्हणतात. मी भल्या माणसांपासून जरा जास्तच जपून राहतो.

"हे बघ बाळा, तू तिथं कॉलेजची शोभा केलीस. पण मी ते मोठं करत नाही. तू काहीतरी मदत केलेली दिसते. आपण रिपोर्टमध्ये तुझं नाव घालू. विशेष सहकार्य म्हणून."

"सर, सहकार्य मी केलेलं न्हाई. मी लिवलंय. सहकार्य त्यांनी केलं असंल तर त्यांना लिवा."

सर उसळले. "बघितलंत? हे असं आहे!"

एचओडीनी हात वर केला. "ठीक आहे. तू लिहिलंस म्हणतोस ना? सिद्ध कर. सोमवारी माझ्यासमोर बस. फोन नाही, नेट नाही. पहिल्यापासून लिहून दाखव. दाखवलंस तर नाव बदलू. फेअर?"

माझी बोटं शिवशिवली. खोटं कशाला सांगू. डोळे झाकून लिवला असता. दुप्पट चांगला लिवला असता, आता मला अजून येतंय. तोंडात हो आलं होतं.

पण फेअर हा शब्द मला खटकला. मी त्याला नेहमीसारखा मोडून बघितला.

"सौरभ बी बसणार ना, सर?"

"सौरभचा काय संबंध?"

"त्याचं बी नाव हाय ना प्रोग्रामवर. तो बी पहिल्यापासून लिवून दाखवंल की."

"अरे, त्याच्यावर कुणी संशय घेतलेला नाही."

"मी घेतलाय, सर."

दोघं माझ्याकडं असे बघून राहिले, जसं टेबलच बोललं. त्यांच्या डोक्यात संशय ही घ्यायची गोष्ट होती, आन् ती घेणारे ते होते. आमच्यावर घेतला जातो. आम्ही पण घेऊ शकतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"तू आम्हाला अटी घालणार?" सर म्हणाले. "टर्मवर्कचे मार्क कुणाच्या हातात आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"दोघं बसू. न्हाई तर मी बसणार न्हाई."

बाहेर आलो. बापाला फोन लावला. सगळं सांगितलं. जीपमधी पॅसेंजरचा गलका चालू होता.

बाप म्हणला, "येतंय ना तुला? मग दे की एकदा लिवून. तोंडं बंद होतील त्यांची."

"दादा, उदगीरच्या नाक्यावर पोलिस तुम्हाला अडवतो ना?"

"रोजच."

"कागद हायत ना तुमच्याजवळ?"

"सगळे हायत. एकदम ओके."

"दाखवता ना रोज?"

"दाखवतो की."

"मग उद्या अडवायचं बंद करतो का तो?"

बाप म्हणला, "मागच्या जीपला हात बी करत न्हाई भाडखाऊ." आन् मग, "बघ तू. तुला काय वाटतं ते कर. मायला मी सांगतो."

सोमवारी मी लॅबमधी गेलो. एक मशीन चालू करून ठेवलं होतं, समोर एक खुर्ची. एचओडी, सर, एक शिपाई, आन् दारात बघायला जमलेली पोरं. सौरभ बी होता त्यात. पडद्यावर पांढरं पान. पोरांच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती, लिवतो का न्हाई लिवत. काहीजण माझ्या बाजूनं बी होते. एक म्हणला, "दाखव भावा, एकदा दाखवूनच टाक." त्याला वाटलं हा माझा विजय हाय. मला ती खुर्ची आरोपीची दिसून राहिली. तिच्यात बसून मी कितीबी भारी लिवलं असतं तरी उठताना लोक म्हणले असते, निर्दोष सुटला. सुटला म्हणजे आधी धरलाच होता.

मी बसलो न्हाई.

सर म्हणाले, "म्हणजे येत नाही. झालं सिद्ध."

म्हणा. मला माहीत हाय, आता सगळीकडं हेच बोलतात. घाबरला. नक्कलच होती. टर्मवर्क अडकवलंय. वर्ष जाईल कदाचित. जाऊ द्या. माय रडली, ते मात्र लागतं. वसतिगृहात मी रोज मशीनवर बसतो. रोज काही नवं मोडतो, नवं जोडतो. माझ्याजवळ दोन पोरं आन् काकूंची पोरगी बी शिकायला बसतात. गॅदरिंगवाले आले होते, आयटमला न्हाई म्हणलो. सौरभ एकदा गेटवर भेटला, "काय कलाकार" म्हणला न्हाई. खाली बघून गेला. त्याचा मला राग न्हाई. पण त्याच्या खाली बघण्यावर मी प्रोग्राम सोडणार न्हाई.

एचओडीना मी एकच सांगून ठेवलंय, आन् जो विचारंल त्याला तेच सांगतो. दोन मशीन लावा. दोन खुर्च्या ठेवा, शेजारी-शेजारी, एकाच उंचीच्या. दोघांचे फोन बाहेर. दोघांचं नेट बंद. दोघांना एकच पांढरं पान. घाम कुणाला येतो ते सगळ्यांनी बघा.

त्या दिवशी मी बसतो.

तोवर तुमच्यासमोर उभा हाय.